दाद कोणत्या गांवीं मागावी?

आमच्या सावेडीहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे प्रवरासंगमापाशीं गोदावरीचा पूल लागतो. तो ओलांडतांना आज प्रवाशास कांहींच जाणवत नाहीं. परंतु इंग्रजी अमदानींत अलीकडचें प्रवरासंगम मुंबई इलाख्यांत, तर पलीकडचें कायगांव निजामाच्या राज्यांत होतें. सोयरिकी मात्र राज्यांच्या सीमा विचारून थोड्याच जुळतात!

अशा वेळीं सासरीं मार खाऊन नदीअलीकडे माहेरीं आलेल्या मुलीनें काय करावें? १८९८ च्या फौजदारी संहितेच्या ४८८ व्या कलमांत पोटगीची सोय होती खरी. पण अर्ज करावयाचा तो नवरा जेथें राहतो वा असेल तेथें, अथवा त्यानें पत्नीसह शेवटचा वास जेथें केला त्या जिल्ह्यांत. ती स्वतः कोठें आश्रयास आहे, हें कायदा विचारीतच नसे. म्हणजे ज्या वेशींतून जीव घेऊन पळावें, तिच्याच आंत दाद मागावयास परत जावें. आणि ती वेस निजामी मुलुखांत असेल, तर नगरच्या मॅजिस्ट्रेटाचा इलाजच खुंटला. विलायतेंतील पोटगीचे हुकूम इकडे व इकडचे तिकडे बजावतां यावे, म्हणून १९२१ सालीं स्वतंत्र कायदा झाला. पण आमच्या शेतकऱ्यांच्या लेकी विलायतेस नव्हे, नदीपलीकडे दिलेल्या असत.

१९४८ च्या सप्टेंबरांत निजामी राज्य संपलें, नदीवरील सीमा पुसली गेली. कलमांतील शब्द मात्र तसेच राहिले. पत्नी राहते त्या जिल्ह्यांतहि अर्ज चालेल, असें १९७३ च्या नव्या संहितेनें प्रथम म्हटलें. माझ्या मतें पोटगीच्या रकमेपेक्षां ही सुधारणा मोठी होय. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचें २७ वें कलम आणखी पुढें गेलें: पीडित स्त्री तात्पुरती जेथें राहत असेल, तेथील न्यायालयहि चालतें व त्याचा हुकूम भारतभर लागू होतो. छळाची फौजदारी फिर्यादहि आश्रयाच्या गांवीं करतां येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं रूपाली देवी खटल्यांत दिला. कारण सासर सुटलें तरी मनास झालेली इजा माहेरीं चालूच राहते.

आतां लेकी खरोखरच समुद्रापलीकडे जाऊं लागल्या आहेत, आणि तेथें ‘भारतभर’ हा शब्द अपुरा पडतो. नीरजा सराफ खटल्यांत १९९४ सालीं त्याच न्यायालयानें सरकारास सुचविलें होतें, कीं येथील हुकूमनामे परदेशच्या न्यायालयांत बजावतां यावेत, यासाठीं त्या त्या देशांशीं परस्पर करार करावे.