वर्सोव्याचा किल्ला आणि शिपायाचा धर्म

वर्सोव्याचा किल्ला खाडीपलीकडे, मढ येथे आहे. पोर्तुगीजांनी बांधलेला हा किल्ला वसईच्या मोहिमेत, १७३९ मध्ये, मराठ्यांनी घेतला. त्याच्या बुरुजांविषयी पुष्कळ लिहिले जाते; आम्हांला कुतूहल आहे ते तेथील ख्रिस्ती शिपायाच्या शास्त्रपालनाचे.

लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात शिपाई योहानाला विचारतात, आम्ही काय करावे? शस्त्र टाका, असे तो सांगत नाही. कोणाला लुबाडू नका, खोटे आरोप करू नका, पगारात समाधान माना, इतकेच सांगतो. लुटीचे मूळ पुष्कळदा थकलेल्या पगारात असते, हे त्याने नेमके हेरले आहे!

पण हे वचन चर्चमध्ये लॅटिनमधून वाचले जाई. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले खरे. तथापि ते पुराण होते, बायबलचे भाषांतर नव्हे. मराठी नवा करार बंगालमधील सेरामपूरहून निघाला तो १८११ मध्ये, किल्ला पडल्यावर ७२ वर्षांनी. तोवर मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसाचे शास्त्रपालन म्हणजे पाद्र्याचे ऐकणे. त्या पाद्र्याला आश्रय असे तो शिपायांच्याच राजसत्तेचा. मग लुटीविरुद्धची ती आज्ञा शिबंदीला कितपत ठणकावून सांगितली जात असेल, अशी शंका आम्हांला येते.

पोर्तुगीज अंमल गेला. किनाऱ्यावरील ख्रिस्ती कोळ्यांनी उपासना सोडली नाही.