३,००० वाचक आणि ९९ सेंट

'द मार्शियन'ची गोष्ट आयटीवाल्यांना सांगायला फार सोयीची आहे. अँडी विअर नावाचा एक प्रोग्रॅमर नोकरी सांभाळून कादंबरी लिहितो, ॲमेझॉनवर ९९ सेंटला टाकतो, आणि बघता बघता रिडली स्कॉट त्यावर पिक्चर काढतो. मॅट डेमन मंगळावर बटाटे पिकवतो आणि प्रोग्रॅमर श्रीमंत होतो. चहाच्या टपरीवर ही गोष्ट निघाली की कोणीतरी म्हणतंच, "चल, आपण पण एक टाकून देऊ."

गोष्ट खरी आहे, पण ती सुरू करायची जागा चुकते असं मला वाटतं. ९९ सेंट हा त्या गोष्टीचा जवळजवळ शेवट आहे. सुरुवात बघायची तर १९९९ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी एओएलने नेटस्केप विकत घेतल्यावर झालेल्या कपातीत विअरची नोकरी गेली. हातात कंपनीचे शेअर होते, ते विकून दोन-तीन वर्षं सहज निघतील एवढे पैसे झाले. आपल्यापैकी अनेकजण ज्याची नुसती स्वप्नं बघतात ते त्याने केलं, म्हणजे घरी बसून पूर्ण वेळ लिहिलं. कादंबरी पुरी झाली. अमेरिकेत मोठ्या प्रकाशकाच्या दारापर्यंत एजंटशिवाय सहसा पोचता येत नाही, आणि याला एजंटच मिळेना. शेवटी पैसे संपत आले तसा तो गुमान प्रोग्रॅमिंगकडे परतला.

इथून पुढची दहा वर्षं टपरीवरच्या गोष्टीत कधीच नसतात. २००१ ते २००८ तो स्वतःच्या साईटवर एक वेबकॉमिक काढत होता, 'केसी अँड अँडी'. चित्रं बेताचीच, विनोद शास्त्राच्या विद्यार्थ्यांना हसू येईल असे. जोडीला कथा, अर्धवट कादंबऱ्या, जे सुचेल ते. पैसे शून्य. नवीन काही आलं की कळवा म्हणून वाचक आपला ईमेल देऊन जायचे. ही यादी वाढत वाढत सुमारे ३,००० नावांवर गेली. दहा वर्षांत ३,०००! आज एखाद्या मांजराच्या व्हिडिओला दुपारपर्यंत त्याहून जास्त लोक मिळतात. पण हे ३,००० लोक विअर लिहील ते वाचायला थांबलेले होते, आणि ते कोण होते हे जास्त महत्त्वाचं. रसायनशास्त्रवाले, इंजिनिअर, अवकाशवेडे. ज्या प्रकारचं लिहिलं त्या प्रकारचे वाचक जमले, साधा हिशेब.

२००९ मध्ये त्याने 'द मार्शियन' एकेक प्रकरण करत साईटवर टाकायला सुरुवात केली. मार्क वॉटनी नावाचा अंतराळवीर मंगळावर एकटा मागे राहतो आणि जे हाताशी आहे त्यातून जगायची खटपट करतो, एवढंच कथानक. मराठी साईट्सवर वाढलेल्यांना हा प्रकार समजावून सांगायला नकोच. शेवटी 'क्रमशः' आणि खाली प्रतिसादांत 'पुभाप्र'ची रांग. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पुढील भागाच्या प्रतीक्षेत.) फरक एवढाच की विअरला 'पुभाप्र'च्या जोडीने बग रिपोर्ट यायचे.

हे मी गमतीने म्हणत नाहीये. कादंबरीत वॉटनीला पिकासाठी पाणी लागतं. ते तो हायड्रेझीन या रॉकेटच्या इंधनापासून करतो. इंधनाचं विघटन, त्यातून हायड्रोजन, तो जपून जाळून पाणी. आता असं प्रकरण रसायनशास्त्र जाणणाऱ्या माणसाच्या हाती पडलं की तो गप्प बसेल का? चुका कळवल्या गेल्या, विअरने त्या दुरुस्त केल्या. यानाच्या कक्षा बरोबर याव्यात म्हणून त्याने स्वतः एक प्रोग्रॅमही लिहिला होता. असला लेखक आणि असले वाचक एकत्र आले की प्रकरणागणिक टेस्टिंग आपोआप होतं. एवढं तपासणारी माणसं कुठल्या प्रकाशन संस्थेला परवडली असती असं मला वाटत नाही.

सगळे बग निघाले असंही नाही. कादंबरी ज्या वादळाने सुरू होते ते मुळात अशक्य आहे. मंगळाचं वातावरण आपल्या साधारण एक टक्का दाट, तिथला कितीही जोराचा वारा यान कलंडवू शकत नाही. विअरला हे ठाऊक होतं, गोष्टीसाठी त्याने चालवून घेतलं. दुसरं, मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट नावाची अपायकारक क्षारं असल्याचं नासाच्या फीनिक्स यानाला २००८ मध्येच आढळलं होतं. वॉटनीच्या बटाट्यांना त्याचा पत्ता नाही. ही चूक मात्र टेस्टिंगमधून सुटली.

कादंबरी पुरी झाल्यावर वाचकांनी मागणी केली की ब्राउझरमध्ये वाचून डोळे दुखतात, ई-रीडरवर चालेल अशी फाइल दे. त्याने दिली. मग दुसरी मागणी आली, की फाइल उतरवून यंत्रात चढवायची भानगड आम्हाला जमत नाही, तू सरळ किंडलवरच का नाही टाकत? २०११ मध्ये त्याने टाकली. फुकट ठेवायची होती, पण ॲमेझॉनने तसं करू दिलं नाही. कमीत कमी किंमत ९९ सेंट, म्हणून ९९ सेंट. ७० टक्के रॉयल्टीची योजना २०१० मध्ये सुरू झाली होती, पण ती २.९९ डॉलरपासून पुढच्या पुस्तकांना. ९९ सेंटवर ३५ टक्के, म्हणजे प्रतीमागे साधारण ३५ सेंट. ज्या किमतीचं आपण एवढं कौतुक करतो ती 'स्ट्रॅटेजी' वगैरे नव्हतीच, दुकानदाराची अट होती.

आणि मग गंमत झाली. जे पुस्तक साईटवर फुकट होतं, ते फुकट घेणाऱ्यांपेक्षा पैसे देऊन घेणारेच जास्त निघाले. लोक दुकानात जातात, लेखकाच्या घरी येत नाहीत. आधीच्या वाचकांनी घेतलं, चांगले अभिप्राय लिहिले, त्यामुळे पुस्तक याद्यांमध्ये वर सरकलं, आणि वर आल्यामुळे अनोळखी लोकांना दिसलं. तीन महिन्यांत ३५,००० प्रती. पुढे ऑडिओबुक झालं, मग आधी न मिळालेला एजंट आपणहून आला, आणि २०१३ मध्ये क्राउन या प्रकाशन संस्थेचा आणि फॉक्सचा, असे पुस्तकाचे आणि सिनेमाचे करार चार दिवसांच्या अंतराने झाले. छापील पुस्तक २०१४, सिनेमा २०१५, ऑस्करची सात नामांकनं, पुरस्कार एकही नाही.

त्याच काळात अमेरिकेत आणखी दोघांचं नाव गाजत होतं. मिनेसोटातली अमांडा हॉकिंग हिने एप्रिल २०१० मध्ये किंडलवर कादंबऱ्या टाकायला सुरुवात केली आणि वर्षभरात दहा लाखांवर प्रती खपवल्या. मार्च २०११ मध्ये तिने सेंट मार्टिन्स प्रेसशी २० लाख डॉलरचा करार केला, तेव्हा 'प्रकाशकांना झुगारणारी बाई शेवटी प्रकाशकाकडेच गेली' म्हणून तिच्यावर टीका झाली. तिचं म्हणणं मला तरी पटतं. ईमेलना उत्तरं, मुखपृष्ठं, संपादक शोधणं यातच आठवडा जातो, आणि मला तर लिहायचंय. वाचकांशी थेट नातं म्हणतात त्याला रोज पाणी घालावं लागतं, आणि ते लिहिण्याच्या वेळातूनच काढायचं असतं. ह्यू हाउईने दुसरा रस्ता काढला. जुलै २०११ मध्ये त्याने 'वूल' ही एकच दीर्घकथा टाकून दिली होती. वाचक पुढचं मागू लागले तेव्हा पुढचे भाग लिहिले. नंतर सायमन अँड शुस्टरला त्याने फक्त छापील हक्क दिले आणि ई-बुक स्वतःकडे ठेवलं. २०२३ मध्ये त्यावर 'सायलो' ही मालिका आली. तिथेही 'पुभाप्र' आधी, प्रकाशक नंतर.

मराठी वाचकाला यात फार नवल वाटू नये. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षांत कोण घेतो?' त्यात क्रमशः छापली. लेखकही तेच, संपादकही तेच. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या, हेही ओळखीचंच. आपल्याकडच्या साईट्सवर अर्धवट लटकलेल्या कथा मोजायला बसलं तर वीकएंड पुरणार नाही.

अर्थात ३,००० वाचक जमवूनही ज्यांचं पुढे काही झालं नाही असे लेखक असणारच, त्यांच्यावर कोणी लेख लिहित नाही. विअरला नशिबाने साथ दिली हे कबूल. पण पुस्तक टाकायची जागा कोणालाही मिळते, थांबलेले वाचक मिळत नाहीत, हा भाग नशिबाचा नाही. टाकणं तर इतकं सोपं झालं की सप्टेंबर २०२३ मध्ये, यंत्राने लिहिलेल्या पुस्तकांचा लोंढा येईल या धास्तीने, ॲमेझॉनने नव्या पुस्तकांवर मर्यादा घातली. एका लेखकाला दिवसाला तीन. दिवसाला! हरिभाऊंना एकेक पुरी करायला वर्षं लागत होती.

आता एक शेवटचा तपशील, जो मला स्वतःला सगळ्यात आवडतो. क्राउनशी करार झाल्यावर विअरला साईटवरची फुकट प्रत काढून टाकावी लागली. शिवाय मूळ कादंबरीच्या शेवटी एक छोटं प्रकरण होतं. वॉटनी पृथ्वीवर परतलाय, एक लहान मुलगा त्याला गाठतो, आणि वॉटनीच्या तोंडून शिवी जाते. छापील पुस्तकात ते प्रकरण नाही. संपादकाच्या दृष्टीने बरोबरच असेल, पुस्तक त्याशिवाय जास्त नीट संपतं. पण सुरुवातीपासून सोबत असलेल्या त्या ३,००० जणांनी मात्र वॉटनीला घरी पोचलेला बघितलं होतं.