सरहद्दीवरील किल्ला : गाविलगड

गेल्या हिवाळ्यात आम्ही नववीची सहल चिखलदऱ्यास नेली. परवानगीचे कागद घेऊन मी लकडगंजात घरोघर फिरलो, तेव्हा आरामशीनवर काम करणारे एक पालक म्हणाले, "सर, पडके किल्ले पाहून मुलाला काय मिळणार?" मुलगा अखेर आला. आणि त्यानेच गाविलगडाच्या दारात मला विचारले, "सर, हा किल्ला आपला की त्यांचा?" या दोन प्रश्नांना उत्तर म्हणून हा लेख.

प्रथम जागा पाहू. गाविलगड सातपुड्याच्या कडेवर आहे. दक्षिणेस वऱ्हाडचे काळ्या मातीचे मैदान, उत्तरेस मेळघाटचे डोंगर व त्यापलीकडे माळवा. बहामनी राज्याची ही उत्तर सरहद्द होती. सुलतान अहमदशहा वली याने 1425 च्या सुमारास एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे मुक्काम असताना हा किल्ला बांधला व नरनाळा दुरुस्त केला, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. गडाचे नाव मात्र गवळ्यांवरून पडले, असे मानतात.

सरहद्द राखण्याची गरज जगात सर्वत्र होती. रोमन बादशहा हेड्रियन याने इ. स. 122 पासून उत्तर इंग्लंडमध्ये सुमारे 117 किलोमीटर लांबीची भिंत बांधविली. तिचे अवशेष पाहण्यास आजही लोक जातात. आपल्याकडे डोंगर हीच भिंत होती. घाटवाटा रोखण्यासाठी तिच्यावर किल्ले बांधले गेले. रोमन भिंतीवर पहारा देण्यास सीरियातील तिरंदाज होते. तेथून जवळच, पालमिराच्या बाराटीस नावाच्या माणसाने आपल्या ब्रिटिश पत्नीच्या थडग्यावर लॅटिनच्या खाली आपल्या मायभाषेतही एक ओळ कोरविली. सरहद्दीवर एकाच जातीची, एकाच भाषेची माणसे कधीच नसतात.

गाविलगडाचेही तेच आहे. 1488 च्या सुमारास त्याची मोठी डागडुजी करणारा फतहुल्ला इमाद-उल-मुल्क हा विजयनगरकडील ब्राह्मण कुळात जन्मला होता. लहानपणी कैद होऊन तो वऱ्हाडात आला, मुसलमान म्हणून वाढला, सुभेदार झाला आणि 1490 मध्ये त्याने इमादशाही स्थापिली. दिल्ली दरवाजावर कोरलेला दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी विजयनगरच्या नाण्यांवरही आढळतो.

पुढे किल्ला मोगलांकडे व नंतर आपल्या नागपूरकर भोसल्यांकडे आला. 29 नोव्हेंबर 1803 रोजी अडगावची लढाई जिंकून वेलस्ली गाविलगडावर चालून गेला. दक्षिणेची बाजू उभ्या कड्यांची. परंतु उत्तरेस किल्ला पठाराला जोडलेला आहे. म्हणून स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरातून वाट काढीत तोफा ओढून उत्तरेस नेल्या. 15 डिसेंबरला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग हा रजपूत लढता लढता कामास आला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला.

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू. बांधणारा बहामनी सुलतान, दुरुस्त करणारा ब्राह्मण कुळात जन्मलेला अमीर, मराठा राजासाठी प्राण देणारा रजपूत किल्लेदार. यांपैकी 'आपला' कोण व 'त्यांचा' कोण? मी मुलाला एवढेच म्हणालो, "ज्याने राखला, त्याचा."

गडावर फार्सी शिलालेख आहेत. उर्दू शिकलेल्या मुलांनी काही अक्षरे ओळखली. अर्थ मात्र कोणालाच लागला नाही, मलाही नाही. त्याची खंत वाटली. त्याहून अधिक खंत वाटली ती भिंतींवर कोळशाने लिहिलेल्या नावांची. त्यांत आपल्या मोहल्ल्यात ठेवली जातात तशी नावे होती आणि इतरही होती. किल्ला बिघडविण्यातही कोणी मागे राहिलेले नाही.

पालकहो, मुलाला काय मिळाले ते सांगतो. परतीच्या वाटेवर तो बराच वेळ गप्प होता. परतवाडा मागे पडल्यावर त्याने विचारले, "सर, ती फार्सी शिकायची कुठे?" पुढच्या सहलीच्या कागदावर सही करताना हा प्रश्न आठवावा, आणि मुलींच्या कागदावरही तितक्याच आनंदाने सही करावी, एवढीच विनंती.