एक मूठ आणि दारोदारचे पाय

दासबोधाच्या चौदाव्या दशकात समर्थ रामदासांनी भिक्षेवर एक समास लिहिला आहे. त्यातला उपदेश देणाऱ्याला नाही, मागणाऱ्याला आहे. कोणी भरपूर आणून पुढे ठेवले तरी थोडेच घ्यावे. होते नव्हते ते सगळे आणले, तर त्यातली एक मूठ घ्यावी. या मर्यादेमागे व्यवहार आहे. एका घरी मूठच मिळणार म्हटल्यावर मागणाऱ्याला पुष्कळ घरे हिंडावी लागतात, आणि हिंडता हिंडता गावाची पारख होते. सार्वजनिक कामासाठी पुढे जी मूठ मागितली गेली, तिची ही जुनी पायरी.

मधल्या काळात ही मूठ शिजलेल्या अन्नाच्या रूपात दिसते. शिकायला पुण्यात आलेली गरीब मुले झोळी घेऊन माधुकरी मागत, नाहीतर आठवड्याचे वार लावून जेवत. त्यावर अनेकांची शिक्षणे झाली. पण यात मुलगा एकटाच दाराशी उभा असे आणि वाढणाऱ्या घराचे उपकार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर बसत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली, आणि मागणारा बदलला. आता हात पुढे करणारा स्वतःच्या पोटासाठी मागत नव्हता. माणशी वर्षाला एक पैसा, एवढीच मागणी. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली, स्वयंसेवकांनी वर्गणी जमवली आणि 1908मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला.

नाण्याच्या या हिशेबाला पुन्हा धान्याचे रूप मिळाले ते कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडात. 1919मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांची रयत शिक्षण संस्था सुरू झाली. 1924मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचे वसतिगृह उभे राहिले. मुले जमली, पण त्यांना जेवायला काय घालायचे? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडले. दागिने संपतात, भूक रोजची असते. रोजच्या भुकेला रोजचेच उत्पन्न हवे, म्हणून घरोघरच्या बायकांकडे रोजची एक मूठ मागितली गेली.

हिशेब मांडून पाहावा. मुठीत चाळीस-पन्नास ग्रॅम ज्वारी मावते. महिन्याची होते सव्वा ते दीड किलो. शंभर घरे धरली तर सव्वाशे ते दीडशे किलो, म्हणजे दिवसाला अर्धा किलो खाणारी आठ-दहा मुले महिनाभर जेवली. आणि देणारीच्या घरात भाकरी कमी पडली नाही. हाती पैसे नसलेली, कुठल्याही देणगीदारांच्या यादीत न येणारी बाई वसतिगृहाची पोशिंदी झाली. शिवाय कुठल्या घरची मूठ कुणाच्या ताटात गेली, हे कोणालाच सांगता येईना. माधुकरीतले उपकाराचे ओझे इथे उतरले.

पुढची पायरी विनोबा भावे यांची. भूदानाची पदयात्रा चालू असतानाच 1950च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सर्वोदयपात्राची कल्पना मांडली. घरात एक भांडे ठेवायचे आणि त्यात रोज मूठभर धान्य टाकायचे. मूठ मात्र घरातल्या लहान मुलाची. तिच्यात धान्य थोडेच मावते, पण विनोबांना मुलाच्या हाताला देण्याची सवय लावायची होती. कल्पना म्हणून ही सगळ्यांत देखणी. पण भरलेले भांडे रिकामे करायला कोणीतरी ठरल्या दिवशी यावे लागते. हजारो घरांत भांडी ठेवायची, तर तितक्या दारांत नियमाने जाणारे कार्यकर्ते हवेत. ते जिथे येईनासे होतात, तिथे भांडे पुन्हा डाळीचे होते.

याच्या उलटा दाखला मिझोराममध्ये आहे. तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या बायका 1910पासून प्रत्येक स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ बाजूला काढतात. या प्रथेचे नाव ‘बुह्फाई थाम’. तिचे कूळ आपल्याकडच्या मुठीहून वेगळे, पण रीत तीच. ती शंभर वर्षांवर टिकली, कारण वस्तीतल्या बायका ते तांदूळ घरोघर जाऊन नेमाने गोळा करतात.

या सगळ्या वंशावळीत मूठ देणारा कधी कमी पडला नाही. दुष्काळी मुलखातही मूठ निघत होती. टंचाई असे ती फेरी मारणाऱ्याची. आज वर्गणी फोनवरून क्षणात जाते. दार वाजवायची गरज उरली नाही, म्हणून दारांची ओळखही उरली नाही. पैसे पाठवणारे पुष्कळ मिळतात. पण पलीकडच्या गल्लीतल्या एकट्या आजोबांचे औषध संपले आहे, किंवा कुणाची मुलगी फी थकली म्हणून घरी बसली आहे, हे पैसे पाठवून कळत नाही. ज्याच्याजवळ द्यायला फारसे नाही पण आठवड्यातली एक संध्याकाळ आहे, त्याने त्या संध्याकाळी वीस दारे फिरावीत. मुष्टिफंडात सगळ्यांत महाग वर्गणी तीच होती.