नाणं ग्रीक, गाव इटलीतलं: अडीच हजार वर्षं जुनी ही नाणी घेताना कागद का बघायचे?

जानेवारी 2012. न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या हॉटेलात प्राचीन नाण्यांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. तिथेच एका नामवंत डॉक्टरला अटक झाली. हे गृहस्थ हाताच्या शस्त्रक्रियेतले तज्ज्ञ, विद्यापीठात प्राध्यापक आणि ग्रीक नाण्यांचे पक्के जाणकार. आरोप असा होता, की इटलीतून चोरून आणलेली नाणी ते विकायला निघाले होते. नाणं काही वर्षांपूर्वीच जमिनीतून निघालंय आणि त्याचे कागद नाहीत, हे त्यांनी गिऱ्हाइकाला स्वतःच सांगितलं होतं. गिऱ्हाईक पोलिसांचा खबरी निघाला.

खरी गंमत पुढे आहे. जप्त केलेली ती सिसिलीची नाणी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तपासली, तेव्हा ती चक्क बनावट निघाली. म्हणजे चोरीचा माल समजून विकायला काढलेला माल चोरीचाही नव्हता आणि खराही नव्हता. डॉक्टरांनी गुन्हा कबूल केला. शिक्षा म्हणून 70 तास समाजसेवा, दंड, संग्रहातली आणखी काही नाणी जप्त, आणि शिवाय मूळ माहीत नसलेल्या नाण्यांच्या व्यापारावर एक लेख लिहिण्याचा आदेश.

एवढा मोठा जाणकार जिथे फसला, तिथे इन्स्टाग्रामवर एखादं सुंदर नाणं बघून "आपणही एक घ्यावं" म्हणणाऱ्यांनी काय करायचं? ते कळण्यासाठी आधी ही नाणी आहेत तरी काय, ते बघू.

ग्रीक नाणी इटलीत कशी?

इ.स.पू. आठव्या शतकापासून ग्रीक लोक घरची अपुरी शेती आणि आपसातली भांडणं मागे टाकून जहाजांनी पश्चिमेकडे निघाले. दक्षिण इटलीचा किनारा, सिसिली आणि आसपासच्या बेटांवर त्यांनी शहरं वसवली. आजचं तारांतो म्हणजे स्पार्टाच्या लोकांनी वसवलेलं तारास. नेपल्स म्हणजे निआपोलिस, ग्रीक भाषेत 'नवं शहर'. सिराक्यूज वसवलं कोरिंथच्या लोकांनी. रोमन लोक पुढे दक्षिण इटलीच्या या पट्ट्याला 'माग्ना ग्रेशिया', म्हणजे 'थोरला ग्रीस' म्हणू लागले.

ही सगळी स्वतंत्र नगरराज्यं होती. प्रत्येकाचा कायदा वेगळा, देव वेगळा, टांकसाळही वेगळी. म्हणूनच जगातल्या सर्वांत देखण्या प्राचीन नाण्यांमध्ये या छोट्याशा टापूतल्या नाण्यांचं नाव पहिल्या काहींमध्ये घेतलं जातं.

प्रत्येक गावाची वेगळी खूण

इथलं नाणं ओळखायला ग्रीक वाचता यायला हवंच असं नाही. चित्रावरून गाव कळतं.

मेटापोंटियनच्या नाण्यावर धान्याचं कणीस असतं, कारण हे शहर शेतीवर श्रीमंत झालं. तारासच्या नाण्यावर डॉल्फिनवर बसलेला तरुण. क्रोटनवर अपोलोच्या मंदिरातली तिपाई. सिबारिसवर मागे वळून पाहणारा बैल. सिसिलीत अक्रागासची खूण गरुड आणि खेकडा, तर नॅक्सोसची द्राक्षं आणि मद्याचा देव डायोनिसस.

काही ठिकाणी तर शहराच्या नावावरूनच चित्र काढलंय. सेलिनस शहराच्या नाण्यावर सेलरीचं पान आहे, कारण ग्रीकमध्ये सेलरीच्या रानटी जातीला 'सेलिनॉन' म्हणतात. लिओंतिनीच्या नाण्यावर अर्थातच सिंहाचं तोंड.

मेसानाची गोष्ट तर भन्नाट आहे. तिथला सत्ताधीश अनाक्सिलास याने ऑलिंपिकमध्ये खेचरांच्या गाडीची शर्यत जिंकली आणि ती गाडी थेट नाण्यावर छापून टाकली. जिंकलेल्या स्पर्धेचा फोटो प्रोफाइलला लावावा, तसंच हे.

जुन्याच नाण्यावर नवा ठसा

सुरुवातीच्या काळात, साधारण इ.स.पू. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सिबारिस, मेटापोंटियन आणि क्रोटन यांनी एक विचित्र पद्धत काढली. नाणं पातळ आणि रुंद. पुढच्या बाजूला चित्र उठावदार, मागच्या बाजूला बहुतेक तेच चित्र, पण आत खोल गेलेलं. असं का करत होते, यावर आजही वाद आहे. त्याच सुमाराला गणितज्ञ पायथागोरस क्रोटनला राहायला आला होता, म्हणून काहींनी श्रेय त्याला देऊन टाकलं. त्याला पुरावा मात्र नाही.

इ.स.पू. 510 मध्ये क्रोटनने सिबारिसचा पराभव करून शहर उद्ध्वस्त केलं. त्यामुळे सिबारिसचं हे जुन्या पद्धतीचं नाणं हाती आलं, की ते 510 च्या आधीचं हे साधारण ठरतं. एका शहराचा शेवट नाण्याची तारीख सांगून जातो.

मेटापोंटियनच्या काही नाण्यांवर नीट पाहिलं, तर कणसाखाली दुसऱ्याच शहराच्या चित्राच्या रेषा दिसतात. बाहेरून आलेलं नाणं न वितळवता त्यावर सरळ आपला ठसा मारायचा, असा प्रकार. महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला 1906 मध्ये क्षत्रप राजा नहपानाच्या 13 हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता. नहपानाचा पराभव कोणी केला, याचा तो सर्वांत ठळक पुरावा ठरला. हा साठा सुटासुटा विकला गेला असता, तर ही गोष्ट इतकी स्पष्टपणे सांगता आली नसती.

सिराक्यूज: नाण्यावर कलाकाराची सही

सिसिलीतलं सर्वांत बलाढ्य शहर सिराक्यूज. तिथलं चार ड्राक्मांचं नाणं साधारण 17 ग्रॅमचं. आकाराने आपल्या दहा रुपयांच्या नाण्याहून जरासं लहान, पण वजनाने दुपटीहून जास्त. एका बाजूला चार घोड्यांचा रथ, दुसऱ्या बाजूला अरेथुसा या जलदेवतेचा चेहरा आणि तिच्याभोवती पोहणारे डॉल्फिन. अरेथुसाचा गोड्या पाण्याचा झरा सिराक्यूजमध्ये समुद्राला लागून आजही आहे.

इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस इथे एक वेगळीच गोष्ट घडली. ठसे कोरणारे कारागीर नाण्यावर स्वतःचं नाव कोरू लागले. किमोन, युआइनेटोस, युमेनिस ही नावं त्यातली. अक्षरं इतकी बारीक, की कधी ती देवीच्या केसांच्या पट्टीवर असतात, तर कधी डॉल्फिनच्या अंगावर. किमोनने अरेथुसाचा समोरून दिसणारा चेहरा कोरला आणि त्याची नक्कल ग्रीक जगातल्या दूरदूरच्या टांकसाळींनी केली.

किमोन आणि युआइनेटोस यांनी दहा ड्राक्मांचं सुमारे 43 ग्रॅमचं नाणंही घडवलं. संग्राहकांच्या जगात त्याला मोठा मान आहे. क्रीटमध्ये नोसॉसचं उत्खनन करणारे आर्थर इव्हान्स त्याआधी याच नाण्यांचा अभ्यास करत होते. त्यांना लांबचं नीट दिसत नसे, पण जवळचं बारीक दिसे. याचा त्यांना नाणी वाचताना फायदा झाला, असं सांगतात. इ.स.पू. 413 मध्ये अथेन्सच्या आरमाराचा धुव्वा उडवल्याच्या आनंदात ही नाणी निघाली, असं इव्हान्स यांचं मत होतं. आजचे बरेच अभ्यासक त्यांचा काळ थोडा नंतरचा धरतात.

मातीतून बाहेर पडताना काय हरवतं?

'काळ थोडा नंतरचा' हे अभ्यासकांना कळतं कसं? एकत्र पुरलेल्या साठ्यांवरून. एका मडक्यात कोणती नाणी आहेत, कोणती नाहीत, कोणती झिजलीत, कोणती कोरी आहेत, यावरून क्रम लागतो.

याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. इ.स.पू. 480 मध्ये हिमेराच्या लढाईत सिराक्यूजच्या गेलोनने कार्थेजचा पराभव केला. त्यानंतर त्याची पत्नी दामारेते हिच्या नावाने एक नाणं निघालं, असं डायोडोरस हा प्राचीन इतिहासकार लिहितो. सिराक्यूजचं दहा ड्राक्मांचं एक जुनं, सुंदर नाणं म्हणजेच ते, असं अभ्यासक धरून चालले आणि सिसिलीच्या इतर नाण्यांच्या तारखा त्याला धरून लावल्या गेल्या. काहींना शंका होती. मग 1980 मध्ये सिसिलीतल्या रांदात्सो गावाजवळ पाचशेहून जास्त नाण्यांचा साठा निघाला. त्याच्या अभ्यासातून शंकेला बळ मिळालं आणि ते नाणं काही वर्षांनी अलीकडे, इ.स.पू. 460 च्या दशकाकडे सरकलं.

पण हा साठा रीतसर उत्खननातून आलेला नव्हता. तो बाजारात आला आणि पांगला. अभ्यासकांनी फोटो आणि नोंदी गोळा करून तो कागदावर पुन्हा जोडला. तो कोणत्या भांड्यात होता, शेजारी काय होतं, घर होतं की मंदिर, हे मात्र गेलं ते गेलंच. न जोडता आलेले असे कितीतरी साठे असतील.

कायदा काय म्हणतो?

इटलीत 1909 पासून नियम सरळ आहे. जमिनीखाली सापडलेली पुरातन वस्तू सरकारची. सापडल्यावर 24 तासांत कळवावं लागतं आणि कळवणाऱ्याला बक्षीस मिळू शकतं. चोरट्यांच्या मागावर कॅराबिनिएरी या पोलीस दलाची खास तुकडी 1969 पासून आहे. अमेरिकेने 2011 पासून इटलीतल्या या नाण्यांच्या आयातीवर निर्बंध घातले आहेत.

याचा अर्थ अशी नाणी बाळगणंच गुन्हा आहे, असा नाही. युरोपात शेकडो वर्षांपासून नाण्यांचे संग्रह आहेत आणि जुन्या संग्रहातली नाणी आजही उघडपणे लिलावात विकली जातात. फरक असतो तो कागदांचा.

भारतातही 100 वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं आणि ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे परदेशातून नाणं मागवण्याआधी सीमाशुल्काचे नियम विचारून घ्या. उद्या ते परत पाठवायचं ठरलं, तर हाच कायदा आडवा येऊ शकतो.

बनावट नाणी: दोनशे वर्षांचा धंदा

कार्ल विल्हेल्म बेकर नावाचा जर्मन गृहस्थ 1830 मध्ये वारला. प्राचीन नाण्यांचे ठसे हाताने कोरण्यात त्याचा हातखंडा होता. नवं नाणं जुनं दिसावं म्हणून तो ते लोखंडाचा कीस आणि चरबी भरलेल्या पेटीत ठेवायचा आणि ती पेटी घोडागाडीला बांधून फिरायला जायचा, अशी गोष्ट सांगतात. त्याचे ठसे पुढे बर्लिनच्या संग्रहालयात गेले आणि त्याची नाणी आज 'बेकरची बनावट नाणी' म्हणून स्वतंत्रपणे जमवली जातात.

आजचे बनवणारे त्याच्याहून पुढे गेलेत. तरी काही गोष्टी साध्या भिंगातून आणि वजनकाट्यावर कळतात. कडेला सांध्याची रेष किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसले, तर नाणं ओतीव असण्याची शक्यता असते. खरी नाणी दोन ठशांमध्ये हातोड्याने ठोकलेली असतात, म्हणून चित्र जरा सरकलेलं असणं किंवा कड फाटलेली असणं हा दोष नसतो. वजन त्या प्रकाराच्या ठरलेल्या वजनापासून फार लांब असेल, तर सावध व्हा. आणि दोन नाण्यांवर एकाच जागी एकसारखीच ओरखडे-खोक असेल, तर दोन्ही एकाच साच्यातून निघालेली समजा.

सुरुवात करायची असेल तर

पहिलं नाणं घेण्याआधी पुस्तक घ्या किंवा मोठ्या संग्रहालयांच्या ऑनलाइन सूची चाळा. ब्रिटिश म्युझियमची सूची फुकट बघता येते.

सगळं जमवायला जाऊ नका. एकच शहर धरा. तारासची छोटी चांदीची नाणी किंवा सिसिलीतली ब्राँझची नाणी काही हजार रुपयांपासून मिळतात. सिराक्यूजचं चांगल्या अवस्थेतलं चार ड्राक्मांचं नाणं लाखाच्या पुढे जातं. तेच कोणी पाच हजारांत देत असेल, तर तुमचं नशीब फळफळलेलं नाही.

विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा. हे नाणं आधी कोणाच्या संग्रहात होतं? कधीपासून? जुन्या लिलावाच्या सूचीत त्याचा फोटो आहे का? प्रत्येक नाणं हाताने ठोकलेलं असल्यामुळे त्याची कड आणि भेगा वेगळ्या असतात, म्हणून 50 वर्षांपूर्वीच्या फोटोशीही ते जुळवून बघता येतं. पावती आणि खरं असल्याची लेखी हमी घ्या आणि नाण्याइतकीच जपून ठेवा. "शेतात सापडलंय, कागद नाहीत, म्हणून स्वस्त" असं कोणी म्हणालं, तर न्यूयॉर्कचे डॉक्टर आठवा. एकतर ते चोरीचं असेल किंवा खोटं. तुमचे पैसे दोन्हीकडे बुडणार.

आणि फक्त बघण्याचाच आनंद हवा असेल, तर सिराक्यूज आणि नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयांत या नाण्यांचे मोठे संग्रह आहेत.

जाता जाता एक गोष्ट. ग्रीकांचा 'ड्राक्मा' वायव्येकडून भारतात आला, संस्कृतात 'द्रम्म' झाला आणि त्याचा पुढे 'दाम' झाला. म्हणजे दुकानात आपण दाम विचारतो, तेव्हा नकळत या नाण्यांचंच नाव घेत असतो. फक्त ही नाणी घेताना दामाच्या आधी ती कुठून आली, ते विचारा.