जागा फुकट, नाव विकत

गेल्या महिन्यात एक उद्योग केला. घरातले जुने फोटो, आजोबांनी लिहून ठेवलेली वंशावळ आणि उजनी धरणाच्या वेळचे पुनर्वसनाचे कागद स्कॅन केले. इंदापूर, पुणे आणि पार अमेरिकेतल्या मंडळींनाही ते बघता यावेत म्हणून एक क्लाऊड सर्व्हर घेतला. बारामतीला कॉलेजात असलेला भाचा मदतीला होता. अर्ध्या तासात सर्व्हर उभा राहिला, तोही फुकट! मग भाचा म्हणाला, "मामा, नावही फुकटचंच घेऊ की. पैसे कशाला घालवता?"

इथे मात्र मी अडून बसलो. का, ते त्याला तोंडी नीट सांगता आलं नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

क्लाऊड म्हणजे ढगात काही नसतं बरं का. दुसऱ्याच्या इमारतीतला, भाड्याने घेतलेला कॉम्प्युटर, एवढंच. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या उसाच्या प्रयोगात शेतातल्या सेन्सरची माहिती जाते ती अशाच कॉम्प्युटरवर. ॲमेझॉनने २००६ मध्ये असे कॉम्प्युटर तासाच्या हिशोबाने भाड्याने द्यायला सुरुवात केली. २०१० मध्ये नव्या गिऱ्हाइकाला वर्षभर फुकट अशी सोय काढली. ओरॅकलने तर २०१९ पासून छोटे सर्व्हर 'कायम फुकट' म्हणूनच द्यायला घेतले.

पण सर्व्हरचा पत्ता म्हणजे नुसते आकडे. ते कोण लक्षात ठेवणार? पूर्वी जगातल्या जोडलेल्या सगळ्या कॉम्प्युटरची नावं आणि आकडे कॅलिफोर्नियात एका फाईलमध्ये लिहून ठेवलेले असत. फाईल आवरेनाशी झाली तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही पद्धत आखली. नाव विचारलं की आकडे सांगणारी. गंमत म्हणजे तेव्हा नावं फुकटच मिळत! सप्टेंबर १९९५ पासून डॉट कॉमसारख्या नावांना दोन वर्षांचे शंभर डॉलर पडू लागले आणि लोक फुकटच्या नावांच्या मागे लागले.

त्या फुकटाचं पुढे काय झालं?

जिओसिटीजवर लाखो लोकांनी आपलं पहिलं पान बांधलं. याहूने ती १९९९ मध्ये विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. काही हौशी लोकांनी धावपळ करून बरीचशी पानं वाचवली, पण पत्ते गेले ते गेलेच. दुसरी गोष्ट डॉट टीकेची. टोकेलाऊ ही पॅसिफिक महासागरातली तीन छोटी प्रवाळबेटं, वस्ती दीड हजाराच्या आसपास. पण त्यांच्या नावाने कोट्यवधी फुकट पत्ते वाटले गेले. धंदा कसा, तर नाव सोडून दिलेलं किंवा काढून घेतलेलं असलं की त्यावर जाहिराती लावायच्या. शिवाय फुकट नाव घेणारा मालक नव्हे, नुसता वापरणारा. फसवेगिरी करणाऱ्यांनाही फुकट नावं सोयीची. मेटाने वाटप करणाऱ्या फ्रीनॉमवर दावा लावला, २०२३ मध्ये नवी नावं देणं थांबलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने धंदाच सोडत असल्याचं जाहीर केलं. लाखो साइट एका झटक्यात सापडेनाशा झाल्या. त्यातल्या कितीतरींचे सर्व्हर चालूच असतील. घर जागेवर, पण रस्त्यावरची पाटी गायब!

आता आपल्याकडचं बघा. उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं आणि भीमेकाठची गावं पाण्याखाली गेली. जुनं पळसदेव गेलं. उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की पळसनाथाचं जुनं देऊळ अजून वर येतं आणि लोक होडीतून बघायला जातात. गाव मात्र पुणे-सोलापूर रस्त्याकडे वर सरकलं आणि नाव बरोबर घेऊन आलं. घरं, विहिरी, पांद्या सगळं बदललं, पण पाहुण्याला 'पळसदेव' म्हटलं की तो बरोबर पोचतो. नाव गावाचं होतं, पाटबंधारे खात्याने उसनं दिलेलं नव्हतं.

भाच्याला हेच सांगायचं होतं. सर्व्हर फुकटचा चालेल. उद्या बंद झाला तर घरातल्या डिस्कवरची प्रत दुसरीकडे चढवू आणि डीएनएसमध्ये आकडे बदलू. एका संध्याकाळचं काम. नाव मात्र आपल्याकडे नसतं, ते आत्याच्या वहीत, व्हॉट्सॲपच्या जुन्या निरोपांत, पुढच्या पिढीच्या आठवणीत असतं. ते तिथून बदलून कसं आणणार? प्रयोगाला फुकट नाव खुशाल घ्यावं. आजोबांच्या वंशावळीला नको.

म्हणून डॉट इनचं नाव पैसे देऊन घेतलं. तेही वर्षावर्षाला पैसे भरून टिकवायचं असतं, हे खरं. पण भरले तर राहतं. ती तारीख आता घरातल्या तिघांच्या कॅलेंडरवर लिहिली आहे. त्यातला एक भाचाच आहे!