पेटीमागून चालताना

आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या पदवीला प्रवेश घेतला की विषयांची एक लांब यादी हाती पडते. अर्थशास्त्र, करार कायदा, परकीय चलन, लॉजिस्टिक्स, सांख्यिकी, शिवाय एखादी परकी भाषा. या विषयांचे आपसातले नाते मात्र यादीत कुठे लिहिलेले नसते. मग कोणते इलेक्टिव्ह सोपे आणि कशात गुण जास्त, एवढ्यावर निवड उरकली जाते. विद्यार्थ्यांना त्याचा दोष देता येत नाही. पुढचे पान हे त्या नात्याची ओळख करून देण्यासाठी आहे.

वाचकांनी यादी थोडा वेळ बाजूला ठेवावी आणि नाशिकच्या द्राक्षांची एक पेटी डोळ्यांपुढे आणावी. निफाड-दिंडोरीच्या बागेतून ती पॅकहाउसमध्ये येते, प्रीकूलिंग होऊन कंटेनरमध्ये चढते, न्हावा शेव्याच्या बंदरातून निघते आणि रॉटरडॅमला उतरते. या पेटीमागून चालत गेलात, तर विषयांचा क्रम तुमचा तुम्हालाच सापडेल.

पहिल्या वर्षी करार कायदा घ्यावा, असा माझा आग्रह आहे. कारण पुढचे जवळजवळ सगळे त्यावर उभे आहे. इन्कोटर्म्स २०२०, म्हणजे आंतरराष्ट्रीय विक्रीच्या प्रमाणित अटी, त्यांतली सीआयएफ ही अट पाहा. तीत जहाजाचे भाडे आणि विमा विकणारा भरतो, पण माल जहाजावर चढताक्षणी जोखीम मात्र घेणाऱ्याकडे जाते. खर्च एकाचा, जोखीम दुसऱ्याची, हे कराराची ओळख असल्याशिवाय उमगत नाही. लेटर ऑफ क्रेडिटचे, म्हणजे घेणाऱ्याच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीचेही तसेच. यूसीपी ६०० च्या नियमांनुसार बँक द्राक्षे पाहत नाही, कागद पाहते. बिल ऑफ लेडिंगवरची, म्हणजे जहाज कंपनीच्या मालपावतीवरची, एक तारीख चुकली, तर उत्तम मालाचे पैसेही अडकू शकतात. म्हणून निर्यात वित्ताचा पेपर कायद्यानंतर घ्यावा. परकीय चलनातील जोखीम शिकण्याआधी सांख्यिकी झालेली असावी, आणि भाषा तर पहिल्याच सेमिस्टरपासून सुरू करावी. भाषेला वर्षे लागतात.

ज्या विषयाकडे सर्वांत कमी विद्यार्थी वळतात, त्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो. २०१० साली आपली द्राक्षे युरोपात अडकली. क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदारांच्या तोंडी असलेले ‘सीसीसी’, या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले होते. वेलीला अनावश्यक शेंडावाढ होऊ नये म्हणून ते फवारले जाते. फळ गोड होते, पेट्या सुबक होत्या, भावही ठरलेला होता. तरी बागायतदार आणि निर्यातदार दोघेही होरपळले. ही घटना मार्केटिंगच्या पेपरात बसत नाही, वित्ताच्याही नाही. तिची जागा जागतिक व्यापार संघटनेच्या, १९९५ पासून लागू असलेल्या, स्वच्छता आणि वनस्पती-आरोग्यविषयक कराराच्या अभ्यासात आहे. अन्नसुरक्षेसाठी देश किती कडक नियम लावू शकतो आणि त्याला शास्त्रीय आधार कोणता हवा, हे तिथे शिकायला मिळते. हा पेपर रुक्ष वाटेल. पण तुमच्या महाविद्यालयात असेल तर सोडू नका.

वर्गीकरणाचा भाग लहान असला तरी मौजेचा आहे. सीमाशुल्काच्या वर्गवारीत ताज्या द्राक्षांचा क्रमांक ०८०६१०. तासगावात त्यांचा बेदाणा झाला की तो ०८०६२० होतो. कोणत्या देशात किती शुल्क पडणार, हे या आकड्यांवरून ठरते.

आता इंटर्नशिपविषयी. बहुतेक जण ती उन्हाळी सुट्टीत करतात. द्राक्षांच्या निर्यातीचा मुख्य हंगाम मात्र जानेवारी ते एप्रिल असतो. मे उजाडेपर्यंत पॅकहाउसमधली लगबग ओसरलेली असते. म्हणून जमल्यास तिसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धातले सेमिस्टर हलके ठेवा, अवघड पेपर आधीच उरकून घ्या आणि फेब्रुवारीत निफाडला जा.